सांधा किती फिरतो: बीम-कॉलम कनेक्शनचं मॉडेल हाताने कसं उभारायचं

साकीनाक्याच्या एका औद्योगिक वसाहतीत आम्ही एका गाळ्यात लोखंडी पोटमाळा केला होता. सहा मीटरचे बीम, आयएसएमबी ३५०, म्हणजे ३५० मिमी उंचीचा आय आकाराचा प्रमाण सेक्शन (त्याची मधली पट्टी म्हणजे वेब, कडेच्या दोन पट्ट्या म्हणजे फ्लँज). दोन्ही टोकांना आयएसएचबी ३०० चे, म्हणजे ३०० मिमी उंचीच्या रुंद फ्लँजच्या सेक्शनचे, कॉलम. बीमच्या टोकाला १६ मिमीची एंड प्लेट, बीमच्या उंचीतच बसणारी, आणि तिला वर दोन, खाली दोन असे एम२० चे (२० मिमी व्यासाचे) ८.८ ग्रेडचे बोल्ट. वर कागदाच्या रिमांचं गोदाम, खाली काचेचं पार्टिशन घातलेलं ऑफिस. स्टॅड या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मी बीमची टोकं फिक्स, म्हणजे अजिबात न फिरणारी, धरली होती. उत्तर आलं, मध्ये अडीच मिमी वाकेल. त्या हिशेबाने काचवाल्याने वर चार मिमी जागा सोडली. माल चढला आणि पंधरा दिवसांत सरकता दरवाजा अडकला.

बीम पडेल अशी भीती नव्हती, त्याची ताकद भरपूर होती. चुकलं होतं ते टोकाचं गृहीतक, आणि ती चूक माझी होती. मॉडेलमध्ये फिक्स लिहिलं आणि ड्रॉइंगवर मात्र आधीच्या कामातलं ‘टिपिकल’ डिटेल उचलून ठेवलं. त्या सांध्याला कोणी विचारलंच नाही की बाबा, तू फिरतोस किती? तेव्हापासून मी हा हिशेब प्रत्येक कामात आधी हाताने करते. तो कसा करायचा ते याच पोटमाळ्याच्या आकड्यांवर सांगते. वही घेऊन सोबत करत गेलात तर एका बैठकीत जमेल.

आधी कागदावर एक आलेख काढा. आडव्या अक्षावर सांध्याचं फिरणं, म्हणजे बीमच्या टोकाचा कॉलमच्या तुलनेत बदललेला कोन, रेडियनमध्ये. उभ्या अक्षावर मोमेंट, म्हणजे सांध्याला फिरवू पाहणारा जोर. रेषा सुरुवातीला सरळ चढते, मग वाकते, मग जवळजवळ आडवी होते. आपल्याला हव्यात तीन गोष्टी: सुरुवातीचा चढ किती (ताठपणा), रेषा किती उंचीवर आडवी होते (ताकद) आणि तुटण्याआधी ती किती लांब जाते (फिरण्याची क्षमता). फिक्स म्हणजे उभ्या अक्षाला चिकटलेली रेषा, पिन म्हणजे आडव्या अक्षावर झोपलेली. खरे सांधे या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतात, म्हणून हिशेबात त्यांच्या जागी स्प्रिंग धरायची.

या मधल्या जागेचा परिणाम बघायला संगणकसुद्धा लागत नाही. दोन्ही टोकांना सारख्या स्प्रिंगा असलेल्या, समान पसरलेल्या लोडच्या बीमला टोकाचा मोमेंट असा येतो: फिक्स टोकाचा मोमेंट घ्या आणि त्याला ‘एक अधिक, २ ईआय भागिले (स्प्रिंगचा ताठपणा गुणिले लांबी)’ याने भागा. ईआय म्हणजे बीमचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा. आमचा चालू लोड, फॅक्टर न लावलेला, मीटरला २० किलोन्यूटन. फिक्स धरलं तर टोकाला ६० आणि मध्ये ३० किलोन्यूटन-मीटर. पिन धरलं तर टोकाला शून्य, मध्ये ९०. आता प्रश्न उरतो स्प्रिंगच्या आकड्याचा.

स्प्रिंगचा आकडा कुठून आणायचा

युरोकोड ३ (युरोपचा स्टीलचा कोड) च्या भाग १-८ मध्ये घटक पद्धत दिली आहे आणि माझ्या मते शिकण्यासाठी यासारखी दुसरी पद्धत नाही. आपल्या स्टीलच्या कोडच्या, म्हणजे आयएस ८००:२००७ च्या, अनेक्स एफ मध्ये फ्राय आणि मॉरिस यांची १९७५ ची बहुपदी सूत्रं आहेत. आकडे घातले की कोन मिळतो. पण ती चाचण्यांच्या निकालांवर बसवलेली रेषा आहे. त्या चाचण्यांच्या मापांबाहेर गेलात की भरवसा संपतो, आणि कुठला भाग मऊ पडतोय हे ती सांगत नाही. घटक पद्धत नेमकं तेच सांगते.

कल्पना अशी. सांधा म्हणजे एकामागे एक जोडलेल्या छोट्या स्प्रिंगा. ओढ लागते तेव्हा बोल्ट ताणतात, एंड प्लेट वाकते, कॉलमची फ्लँज वाकते, कॉलमचा वेब ओढला जातो. खाली बीमची फ्लँज दाबते तिथे कॉलमचा वेब चेपतो. आणि या दोन बलांच्या मध्ये कॉलमच्या वेबचा चौकोन तिरपा होतो, पतंगाच्या आकारासारखा. प्रत्येकाला एक ताठपणाचा गुणांक आहे, मिमीमध्ये. एकामागे एक असलेल्या स्प्रिंगांचं गणित शाळेतलंच: व्यस्तांची बेरीज करायची.

आमच्या सांध्याचे गुणांक मी असे काढले. वरच्या बोल्टांपासून खालच्या फ्लँजच्या मध्यापर्यंतचं अंतर २८३ मिमी.

कॉलमच्या वेबचा तिरपेपणा: ०.३८ गुणिले वेबचं कातर-क्षेत्र, भागिले २८३. वेब ७.६ मिमीचा, उंची ३००. गुणांक ३.०६, व्यस्त ०.३२७.
दाबाखालचा कॉलम वेब: गुणांक ३.४, व्यस्त ०.२९४.
ओढीखालचा कॉलम वेब: ४.८६, व्यस्त ०.२०६.
कॉलमची फ्लँज वाकणं: फ्लँज १०.६ मिमी, बोल्टापासून वेबच्या गोलाईपर्यंत ३७ मिमी. गुणांक ४.८, व्यस्त ०.२०८.
एंड प्लेट वाकणं: गुणांक साधारण १३, व्यस्त ०.०७८.
बोल्टांचं ताणणं: १.६ गुणिले २४५ चौ. मिमी, भागिले बोल्टची ताणली जाणारी लांबी ४८ मिमी. गुणांक ८.२, व्यस्त ०.१२२.

बेरीज १.२३५. आता स्टीलचा ई, म्हणजे २ लाख, गुणिले २८३ चा वर्ग, भागिले १.२३५. उत्तर: साधारण १३,००० किलोन्यूटन-मीटर प्रति रेडियन.

इथे थांबून ती यादी पुन्हा वाचा. १.२३५ पैकी पहिल्या चार ओळी १.०३५ च्या आहेत. म्हणजे सांध्याच्या मऊपणातला ८४ टक्के वाटा कॉलमचा, १० टक्के बोल्टांचा आणि फक्त ६ टक्के एंड प्लेटचा. आपण काय करतो? सांधा कमी पडला की प्लेट जाड करतो. मी ती १६ ची २५ मिमी करून पाहिली. प्लेट ताठ झाली, पण बोल्ट लांब झाले म्हणून थोडे मऊ झाले. १३,००० चे झाले १३,३५०. त्याऐवजी खालच्या फ्लँजसमोर कॉलममध्ये स्टिफनरची, म्हणजे वेबला आधार देणाऱ्या पट्ट्यांची, जोडी टाकली, की दाबाची ओळ बेरजेतून जाते आणि आकडा १७,००० होतो. वेबला तिरपा स्टिफनरही दिला की २६,०००, म्हणजे दुप्पट. तळोज्याच्या यार्डातले आमचे फोरमनकाका सूत्रं मांडत नाहीत, पण जाड प्लेटचं ड्रॉइंग बघून मला म्हणाले होते, “ताई, दमतोय तो कॉलम, आणि औषध तुम्ही प्लेटला देताय.” मला हा हिशेब करायला संध्याकाळ लागली, त्यांना ड्रॉइंगकडे नुसतं बघून कळलं होतं.

आणखी एक गोष्ट इथेच लक्षात घ्या, कारण ती सहसा सुटते. वेबच्या तिरपेपणाची ओळ कॉलमच्या दुसऱ्या बाजूला काय चाललंय यावर अवलंबून आहे. दोन्ही बाजूंना सारखे बीम आणि सारखा उभा लोड असेल तर मोमेंट एकमेकांना तोलतात, ती ओळ शून्य होते आणि ताठपणा १७,६०० येतो. बीम एकाच बाजूला असेल तर १३,०००. वाऱ्यात किंवा भूकंपात दोन्ही बाजूंचे मोमेंट एकाच दिशेने फिरवतात, ती ओळ दुप्पट होते आणि उरतात १०,२५०. प्लेट तीच, बोल्ट तेच, आकडे तीन. म्हणून उभ्या लोडची स्प्रिंग वाऱ्याच्या लोडकेसमध्ये तशीच वापरू नका.

ताकद, आणि रेषेचं वाकणं

ताकदीसाठी तीच यादी पुन्हा, फक्त आता साखळीची सर्वांत कमजोर कडी शोधायची. दोन बोल्टांची ओढ २८२ किलोन्यूटन. पण कॉलमची १०.६ मिमीची फ्लँज त्याआधीच, १६० किलोन्यूटनला, वाकून हार मानते. सांध्याची ताकद १६० गुणिले ०.२८३, म्हणजे ४५ किलोन्यूटन-मीटर. फ्लँज आधी वाकते हे वाईटातलं चांगलं आहे, कारण वाकणारं लोखंड आधी सांगतं. बोल्ट न सांगता तुटतो. प्लेट आणि फ्लँज दोन्ही खूप जाड घेतलेत तर तुम्ही पहिली कडी बोल्टला बनवता, हे विसरू नका.

मोमेंट ताकदीच्या दोन तृतीयांशापर्यंत असेल तर १३,००० हाच आकडा चालतो. त्यापुढे ताठपणा भागावा लागतो. भाजक असा: दीडपट मोमेंट भागिले ताकद, त्याचा २.७ वा घात, बोल्टच्या एंड प्लेटसाठी. आमच्याकडे १३,००० ने टोकाला ३५ आले, दोन तृतीयांश म्हणजे ३०, म्हणजे रेषा वाकायला लागलेली. मग ताठपणा कमी करून पुन्हा मोमेंट, पुन्हा ताठपणा. तीन-चार फेऱ्यांत गणित स्थिरावतं: ताठपणा १०,७००, टोकाला ३२, मध्ये ५८.

मी गृहीत धरले होते टोकाला ६० आणि मध्ये ३०. जवळजवळ अदलाबदल. मधला झोल निघाला ७ मिमी. चार मिमीच्या फटीतला दरवाजा का अडकला याचं उत्तर वहीच्या दीड पानात होतं.

ज्यांना फेऱ्या नको असतील त्यांनी एंड प्लेटसाठी सुरुवातीच्या ताठपणाच्या निम्मा घ्यावा, युरोकोडला ते मान्य आहे. नॉन-लिनिअर स्प्रिंग हवी असेल तर तीन आकड्यांचं पॉवर मॉडेल वापरा: सुरुवातीचा ताठपणा, अंतिम ताकद आणि वळण किती तीव्र ते ठरवणारा घातांक. त्यात फ्राय-मॉरिसच्या बहुपदीसारखी रेषा मध्येच खाली वळण्याचा धोका नाही, आणि सॉफ्टवेअर अडखळत नाही.

वर्गीकरण पटकन उरकते. युरोकोडप्रमाणे आडवा आधार असलेल्या फ्रेममध्ये ८ ईआय भागिले लांबीच्या वर तो रिजिड, आधार नसेल तर २५ पट, आणि अर्ध्या ईआय भागिले लांबीच्या खाली पिन. आमच्या बीमला हे आकडे ३६,३५०, १,१३,६०० आणि २,२७०. आयएस ८०० मध्ये बीमच्या लांबीऐवजी उंचीची पाचपट धरतात. त्याने हद्दी येतात ३८,९०० आणि ७,८००. दोन्हींनुसार सांधा सेमी-रिजिड. पण आयएस ताकदही बघतो: ४५ भागिले बीमचा प्लास्टिक मोमेंट २२२, म्हणजे जेमतेम ०.२, जिथून खाली फ्लेक्सिबल म्हणतात. मी याला मनात फिक्स म्हटलं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये घालताना

स्टॅडमध्ये मेंबर रिलीज देताना केएमझेड (टोकाच्या मोमेंटची स्प्रिंग) मध्ये थेट स्प्रिंगचा आकडा देता येतो, ईटॅब्समध्ये पार्शल फिक्सिटीत. युनिट तपासा. १३,००० किलोन्यूटन-मीटरच्या जागी किलोन्यूटन-मिमी पडलं तर सांधा पिन होऊन बसतो आणि कुठलीही एरर येत नाही. मॉडेल चालवल्यावर एक बीम निवडून वरच्या सूत्राने हाताने ताडून पाहा. मग ताठपणा दीडपट आणि निम्मा करून दोनदा चालवा. उत्तरात फार फरक पडत नसेल तर निश्चिंत राहा. पडत असेल तर तो सांधा अधिक नीट बघायला हवा.

बोल्ट आणि वेल्डच्या ताकदीसाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं ओसडॅग वापरा. मोफत आहे, आयएस ८०० वर चालतं आणि सांध्याचं त्रिमितीय चित्र समोर येतं. नव्या मुलांना मी पहिला आठवडा तेच देते. स्प्रिंगचा आकडा मात्र हातानेच काढायचा.

पूर्ण फायनाइट एलिमेंट मॉडेल कधी

हे मॉडेल म्हणजे सांध्याचे बारीक तुकडे (एलिमेंट) पाडून केलेलं गणित. नेहमीच्या सांध्याला ते नको. कॉलम तिरपा असेल, बीम बाजूने सरकलेला असेल, एंड प्लेट विचित्र आकाराची असेल, तेव्हा अबाकस किंवा अन्सिससारखं सॉफ्टवेअर उघडा. उघडलंत तर काही गोष्टींत कुचराई नको. प्लेट आणि फ्लँज एकमेकांना चिकटवू नका, त्यांच्यामध्ये कॉन्टॅक्ट द्या. चिकटवलेलं मॉडेल फिक्सच्याच चुकीची महागडी आवृत्ती असते. प्लेटच्या जाडीत किमान तीन-चार थर एलिमेंट घ्या, नाहीतर वाकणं खोटं येतं. आधी बोल्ट ताणा, मग त्यांची लांबी बांधून टाका, मग बीमवर लोड द्या. एम२० च्या ८.८ बोल्टचा ताण साधारण १३७ किलोन्यूटन. लोड बलाने न देता सरकवून द्या, म्हणजे रेषा आडवी झाल्यावरही गणित चालू राहतं. मटेरियलचा आलेख खऱ्या ताण-विकृतीचा हवा.

सगळ्यात जास्त चुका फिरणं मोजताना होतात. बीमच्या टोकाचं सरकणं भागिले लांबी म्हणजे सांध्याचं फिरणं नव्हे, त्यात बीमचं स्वतःचं वाकणं मिसळलेलं असतं. प्लेटला लागून वरच्या आणि खालच्या फ्लँजच्या मध्यावरचे दोन नोड (एलिमेंटचे जोडबिंदू) घ्या. त्यांच्या आडव्या सरकण्याची वजाबाकी भागिले मधलं अंतर. त्यातून कॉलमच्या अक्षाचं फिरणं वजा करा. मग आलेला चढ हातच्या उत्तराशेजारी ठेवा. दुप्पट-तिप्पट तफावत असेल तर बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट किंवा आधार चुकलेला असतो.

भूकंपासाठी नुसती स्प्रिंग पुरत नाही. कॅलिफोर्नियात १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजच्या भूकंपात जे वेल्डेड सांधे सगळे रिजिड आणि भरवशाचे मानत होते, त्यांच्या खालच्या फ्लँजच्या वेल्डपाशी तडे गेले. ताठपणा आणि ताकद कागदावर पुरेशी होती, कमी पडली ती फिरण्याची क्षमता. आयएस ८०० साध्या मोमेंट फ्रेमच्या सांध्याला ०.०२ आणि स्पेशलला ०.०४ रेडियन मागतो, ते याच धास्तीने. आयएस १८९३ या भूकंपाच्या कोडच्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई झोन तीनमध्ये आहे. इथे उंच स्टीलच्या फ्रेमचं काम असेल तर लोड उलटसुलट देऊन पाहा, आणि चाचणीने सिद्ध झालेलं डिटेलच वापरा.

जागेवर

दरवाजा अडकल्यावर मी गाळ्यात फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, जाडी मिमीत) घेऊन शिडीवर चढले. अर्धा माल उतरवून घेतला होता, तो पुन्हा चढवायला लावला. एंड प्लेटच्या वरच्या कडेला, बरोबर वेबच्या रेषेत, रिकाम्या बीमला ०.०५ ची पातही जात नव्हती. माल पूर्ण चढल्यावर ०.२० ची पात अलगद आत गेली, ०.३० ची अडली. हिशेबाने बोल्टांच्या पातळीवर एकूण ०.८५ मिमी सरकायला हवं होतं. त्यातला बोल्ट, प्लेट आणि फ्लँजचा तिसरा हिस्सा फटीत दिसतो, म्हणजे ०.२८. उरलेला कॉलमच्या वेबमध्ये होता, डोळ्याला न दिसणारा. मग तीच पात मी प्लेटच्या बाहेरच्या कोपऱ्यात लावली. तिथे ०.०५ पण जाईना. मध्ये उघडतंय आणि टोकाला घट्ट दाबतंय: प्राइंग म्हणतात ते हेच. टोक जितकं दाबतं तितकी जादा ओढ बोल्टला सोसावी लागते. पुस्तकातली आकृती वीस वर्षं बघत आले होते, बोटांना ती त्या दिवशी लागली.

म्हणून सांगते, मॉडेल कितीही चांगलं असलं तरी ते घट्ट बसलेल्या प्लेटचं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेने एंड प्लेट वाकते, मग बोल्ट आवळले तरी मध्ये फट राहते आणि सुरुवातीचा चढ हिशेबापेक्षा बराच कमी येतो. यार्डातून माल निघण्याआधी प्लेटवर सरळ पट्टी ठेवून बघा. पावसाळ्यात कळंबोलीहून आलेला माल उघड्यावर पडला तर बोल्टांचे आटे गंजतात, पान्ह्याची ताकद गंजावर खर्च होते आणि टॉर्क रेंच खोटं बोलतो. नट किती फिरवला याची रंगाची खूण करून घ्या. घर्षणावर चालणारा सांधा असेल तर सांध्याच्या तोंडावर रंग नको. शॉट किंवा ग्रिट ब्लास्ट करून (बारीक कण जोरात मारून) साफ केलेल्या पृष्ठभागाचा घर्षण गुणांक आयएस ८०० मध्ये ०.५ आहे, काहीच प्रक्रिया न केलेल्याचा ०.२.

पोटमाळ्याचा सांधा मी ताठ करत बसले नाही. बीमला मध्ये ५८ सहज पेलत होते. काचेचा वरचा ट्रॅक दहा मिमी खाली घेतला, हिशेब नव्याने लिहून मालकाला दिला आणि ट्रॅकचा खर्च आम्ही सोसला. आता आमच्या ऑफिसच्या प्रत्येक ड्रॉइंगवर कनेक्शनच्या डिटेलखाली दोन ओळी असतात: मॉडेलमध्ये धरलेला ताठपणा आणि धरलेली ताकद. फॅब्रिकेटरला बोल्ट किंवा सेक्शन बदलायचा असेल तर त्याने आधी फोन करायचा, आणि डिटेल दुसऱ्या कामात उचलायचं असेल तर आमच्या मुलांनी त्या दोन ओळी खोडून, सहाही घटक पुन्हा मांडून, नव्याने भरायच्या.